सुक्या झाडाच्या डावीकडे

"दोनशे चाळीस!" घड्याळजीकाकांनी दुर्बीण खाली ठेवली. "लिहा, डॉक्टर. आणि आता तरी सांगा, एकट्या माणसाला तळं झेपतं की नाही?"

दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणजे हिवाळ्यातल्या पक्षिमोजणीच्या प्रमुख. काकू गेल्यापासून गटात कुजबुज चालली होती, की काका एकटे पडलेत, तळं आता मोजायला एखाद्या तरुण जोडीला देऊन टाकू. ते कानावर आल्यापासून काका धुमसत होते. म्हणून तर आज सगळ्यांच्या आधी कुडकुडत येऊन बसले होते.

बाईंनी आकडा लिहिला नाही. "काका, गेल्या वर्षी याच्या दुप्पट बदकं होती."

"मग बदकांनाच विचारा जाऊन! मी एकही सोडलेलं नाही. पाण्यातल्या त्या सुक्या झाडापासून पार उजव्या काठापर्यंत..."

"आणि झाडाच्या डावीकडची?"

"डावीकडची ही मोजते की," काका बोलून गेले. आणि त्यांचं तोंड एवढंसं झालं. जन्मभर लोकांची घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, आणि अख्खं अर्धं तळं विसरला! गेलं तळं हातचं, ते मनाशी म्हणाले.

बाईंनी दुर्बीण उचलून पुन्हा काकांच्या हातात दिली.

काकांनी ती डावीकडे वळवली मात्र, सकाळचं ऊन थेट डोळ्यांत घुसलं. पाणी नुसतं लखलखत होतं. बदक कुठलं नि लाट कुठली, काही कळेना.

"अहो, इथे तर काहीच दिसत नाही! ही इतकी वर्षं कशी काय मोजायची?"

आणि आपण काय म्हणायचो? आटप गं, तुझं मेलं नेहमीचंच भिजत घोंगडं. पहिल्या वर्षी बाजू वाटून घेताना तीच चटकन म्हणाली होती, "डावीकडचं माझं हं!" काकांना वाटलं होतं, तिकडे बदकं जास्त असणार, लबाड कुठली. तिकडे ऊन डोळ्यांत येतं, हे तिनं कधी सांगितलंच नव्हतं.

दुर्बिणीच्या पिशवीत, तळाशी, काकूंची टोपी तशीच पडून होती. भली रुंद कड असलेली. काका तिला सूप म्हणायचे, आणि चारचौघांत काकूंपासून दोन पावलं लांब चालायचे. आज त्यांनी ते सूप स्वतःच्या डोक्यावर चढवलं, पुढे ओढून घेतलं आणि दुर्बीण लावली.

डोळ्यांवर सावली आली. हळूहळू लखलखाटातून एकेक बदक सुटं झालं.

"दिसतायत?" बाईंनी विचारलं. "सावकाश मोजा, काका. तळं तुमचंच आहे."

काका ओठ हलवत एकेक बदक मोजत राहिले.

"टोपी झकास आहे हो, डॉक्टर," ते दुर्बीण न काढताच म्हणाले. "तिला सांगायचं राहूनच गेलं."