डावखुरा हिरो

साठीची रुखमाबाई जुन्या सिनेमांच्या ऑनलाइन ग्रुपवर रोज भांडायची, "तो तलवारवाला हिरो डावखुराच होता, म्या माह्या डोयानं पाह्यला!" सगळे हसायचे. आज तेच ग्रुपवाले तिनं सुचवलेली सोहोळ अभयारण्यातली काळविटं पाहून कामरगावात तिच्या दारी उतरले, सोबत प्रोजेक्टर आणि तोच सिनेमा घेऊन. तिचे पाय जमिनीवर ठरेनात. दिवेलागणीला तिनं त्यांना तिच्या लहानपणी सिनेमाचा पडदा लागायचा त्याच दोन कडुलिंबांमध्ये चादर बांधायला लावली, चटई टाकून पुढंच बसली. पडद्यावर हिरोनं उजव्या हातानं तलवार उपसली. "आता बोला, मावशी!" ग्रुपमधली पुण्याची मैत्रीण टाळ्या पिटत म्हणाली. रुखमाबाई चटई काखोटीला मारून तरातरा चादरीमागं जाऊन ओरडली, "इकडे या सारे! आमा बायायले तवा पडद्यामांगंच बसवत होते!" सगळे धावले. मागून हिरो डाव्या हातानं लढत होता.