बॅलन्ससाठी

बॅलन्ससाठी मागं बसायचं, असं हवाईसुंदरीनं हसत सांगितलं आणि जयसिंग कांबळेच्या डोक्यात सणक गेली. विमान छोटं, माणसं जेमतेम पंधरा. दुसऱ्या ओळीतली ही नवराबायको शेवटच्या ओळीत बसली तर विमानाचा तोल बरा राहील, असं तिचं म्हणणं.

जयसिंग तीस वर्षं एस.टी.चा ड्रायव्हर. कोल्हापूर-कुरुंदवाड रस्त्यावरचा खड्डा न् खड्डा त्याला पाठ. वजन कुठं पडलं की गाडी कशी चालते, हे त्याला त्या पोरीनं शिकवायची काही गरज नव्हती. त्याचा सवाल दुसराच होता. पंधरा माणसांत उठायचं ते आम्हीच का? पहिल्या ओळीत ऐसपैस बसलेला, पांढऱ्या सफारीतला तो गणपतराव का नाही? तो एकटा दोघांना भारी होता.

ह्याच गणपतरावानं मघाशी कोल्हापूरच्या विमानतळावर शेजारी बसून, स्वतःचं नाव सांगून, गोडीगुलाबीनं चौकशी केली होती. पावणं कुठलं? मंगळवार पेठेतलं. मुंबईला काय काम? पोराकडं, नव्या घरी. आणि मग, यायचा तो प्रश्न आलाच. आडनाव काय म्हणालासा? जयसिंगनं कांबळे म्हणून सांगितलं. गणपतराव "हां हां" म्हणाला आणि त्यानं पेपरात तोंड घातलं, ते काही परत बाहेर काढलं नाही. आता विमानात चढल्या चढल्या त्यानं त्या पोरीला जवळ बोलावून हळूच काहीतरी सांगितलं. जयसिंगनं ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि लगेच ही बॅलन्सची भानगड.

"त्यास्नी उठवा," जयसिंग म्हणाला. "मग आमी उठतो."

ती पोरगी हसायची थांबली. गणपतराव खिडकीतनं बाहेर बघत राहिला, जसं काही बाहेर कुस्तीच चालली होती. जयसिंगचा बाप उभ्या जन्मात कुठल्या पंगतीत पुढं बसला नव्हता. गावजेवणात सगळ्यांचं उरकल्यावर त्याचं पान पडायचं, तेही लांब, उकिरड्याच्या कडेला. बापाला मसणात पोचवून आला त्या दिवशी जयसिंगनं ठरवलं, आपण कुणाच्या सांगण्यावरनं मागं सरकायचं नाही. आजवर सरकला नव्हता. आणि पोरानं, प्रसेनजीतनं, मुद्दाम पुढच्या जागा घेतल्या होत्या, आईला खिडकी मिळावी म्हणून.

पण विमान हलेना. माणसं माना वळवून बघायला लागली. तानाबाईनं नवऱ्याची बाही ओढली. पोरगा तिकडं वाट बघत उभा असेल, उगीच शोभा नको, असं ती पुटपुटली. जयसिंग उठला तो तिच्यासाठी. शेवटच्या ओळीत जाऊन बसला आणि गणपतरावाच्या टकलावर नजर ठेवून राहिला.

घाट ओलांडला आणि विमानानं रंग दाखवला. गणपतराव तेवढ्यात मागच्या संडासात गेला होता. तो बाहेर आला, पायाखालची जमीन एकदम खाली गेली, आणि जयसिंगच्या पलीकडच्या रिकाम्या सीटवर तो धाडकन आदळला. पट्टा बांधा, पट्टा बांधा, म्हणून हवाईसुंदरी ओरडायला लागली. गणपतरावाला पट्ट्याचं टोक काही केल्या खाचेत घालता येईना. जयसिंगनं मधल्या वाटेवरनं हात लांबवून खटकन लावून दिला. ड्रायव्हरची सवय, दुसरं काय. गणपतरावानं तो हात धरला तो धरलाच.

विमान परत खाली गेलं. शेवटच्या ओळीत आदळतं सगळ्यात जास्ती, हे एस.टी.त आणि विमानात सारखंच. तानाबाईनं डोळे गच्च मिटले आणि मोठ्यांदा म्हणायला लागली, "बुद्धं सरणं गच्छामि..."

आता सोडेल हा हात, जयसिंगला वाटलं. पण गणपतरावाची नखं उलट जास्तच रुतली. जयसिंगला भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण भीतीपेक्षा ती सणक मोठी होती. मेलोच तर हे कळल्याबिगर मरायचं नाही, असं त्याला वाटलं.

"त्या पोरीला काय सांगितलंसा?" त्यानं विचारलं.

"आँ?"

"चढल्यावर. जवळ बोलावून."

गणपतरावानं तोंड उघडलं. तेवढ्यात विमान असं कोसळलं की त्याच्या तोंडातनं निसतं "आई गं" बाहेर पडलं.

मग हळूहळू सगळं निवांत झालं. खाली खाडीचं पाणी दिसायला लागलं. पुढं कुणीतरी हसलं. गणपतरावानं हात सोडला. सफारीच्या खिशातनं रुमाल काढला आणि तळहात पुसला. मग एकेक बोट पुसलं. मग रुमालाची घडी घालून खिशात ठेवली आणि मुंबई आली वाटतं, म्हणाला, कुणालाच उद्देशून नाही.

जयसिंगनं प्रश्न परत विचारला नाही. त्यानं स्वतःचा हात उलटा करून बघितला. तोही घामानं ओलाचिंब होता. त्यातला आपला किती आणि त्याचा किती, काही कळायला मार्ग नव्हता.

तानाबाईनं पदर पुढं केला. "पुसा की."

"ऱ्हाऊ दे," जयसिंग म्हणाला आणि उघडा तळहात तसाच मांडीवर ठेवून बसला. "वाळू दे आपसूक."