सत्तर किलोमीटरचा पल्ला

“माझी गाडी तू मुद्दाम पांगळी ठेवलीयस,” बाबा म्हणाले. तेही गॅरेजमध्ये, दोन गिऱ्हाइकांच्या देखत.

लेकीनं हातातला पाना फरशीवर आपटला.

“मुद्दाम? इलेक्ट्रिक स्कूटरची नऊ वर्षांची बॅटरी आहे ती, बाबा. चाळीस किलोमीटर ओढते हेच नशीब समजा.”

“आणि धाकट्याचं घर सत्तरावर! जगाच्या गाड्या नीट करतेस, बापाचीच तेवढी होत नाही. तो बिचारा दर फोनला म्हणतो, बाबा, या ना राहायला. तुलाच मी तिकडे जायला नकोय.”

“मग बसनं जा.”

“उभा जन्म बस चालवली मी. आता पिशवी मांडीवर घेऊन दुसऱ्याच्या मागे बसू?”

गिऱ्हाइकं उगाच छताकडे बघायला लागली. लेक आतून नुसती धुमसत होती. जेवण हिनं बघायचं, औषधं हिनं आणायची, दुखणी हिनं काढायची आणि गोडवे धाकट्याचे. हिच्या वाट्याला दिव्याखालचा अंधार.

त्याच रागात तिनं गाडी कामाला घेतली. धोंड्यासारखी जड जुनी बॅटरी उपसून काढली. तिच्या जागी चौपट ताकदीची, वजनाला निम्मी अशी लिथियमची बसवली. त्यासाठी चौकट कापून नवी पट्टी वेल्ड केली. मोटरला वीज सोडणारा कंट्रोलर बदलला, तिच्यापर्यंत जाड तारा ओढल्या, टायर नवे घातले. गिऱ्हाइकांची कामं उरकून महिनाभर हेच चाललं होतं. बाबा रोज येऊन नाक मुरडून जायचे.

“एवढ्याशा डब्यात काय दम असणार?”

“बसून बघा, मग बोला.”

शेवटी चाचणीला ती स्वतः गाडी घेऊन निघाली. ज्या चढावर पूर्वी धाप लागायची, तो चढ गाडी सुसाट चढली. रागातसुद्धा तिला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा इस्त्रीचा शर्ट घालून तयार. मागे आठ दिवसांच्या कपड्यांची बॅग बांधलेली.

“त्याला फोन करून कळवते,” ती म्हणाली.

“काही नको. अचानक दारात उभा राहतो. उडालाच पाहिजे तो!”

“वाटेत चार्ज करायची गरज नाही. जाऊन-येऊन पुरेल.”

“यायची घाई कुणाला आहे?”

“मलाही नाही,” ती फटकन म्हणाली. “महिनाभर राहा.”

आभाराचा एक शब्द न काढता ते निघून गेले.

संध्याकाळी ती शटर ओढत होती, तर गाडी दारात. बॅग बांधली होती तशीच. बाबांचा चेहरा लालबुंद.

“भिकार काम! अर्ध्या रस्त्यात बसली तुझी गाडी. भर उन्हात तापून बंद. दुपारभर झाडाखाली उभा होतो. थंड झाल्यावर कशीबशी परत आणली.”

“शक्यच नाही.”

“म्हणजे मी खोटं बोलतोय? बापाला भर रस्त्यात बसवलंस आणि वर तोंड करून बोलतेस? धाकटा असता तर आधी चार माणसांना विचारलं असतं त्यानं!”

तिचं डोकं सणकलं. महिन्याची मेहनत मातीत, वर पुन्हा धाकटाच. ती तिथेच खाली बसली आणि कंट्रोलरचं झाकण उघडलं. एकेक जोड चाचपला. कुठे करपल्याची खूण नाही, कुठे ढिलेपणा नाही. तिला स्वतःचाच राग येऊ लागला. आपल्याला चूक सापडू नये?

“राहू दे ते,” बाबा पाठमोरे होत म्हणाले. “जुनी बॅटरीच बसव परत. मला कुठे जायचंय?”

ते बॅग घेऊन जिना चढून वर गेले. तेवढ्यात तिचा फोन वाजला. धाकटा होता.

“ताई, बाबांना असं न कळवता पाठवत जाऊ नकोस गं. घरात पाहुणे होते आज. कसंबसं चहा पाजून वाटेला लावलं.”