गव्हाचा कण नसलेली भेट

डॉक्टरांनी गहू कायमचा बंद केला, तेव्हापासून दिवाळीत माझ्यासमोर डबे येतात आणि तसेच झाकले जातात. करंजी, शंकरपाळे, सोनपापडी. वर प्रत्येकाचं ठरलेलं, “एवढ्याशानं काही होत नाई!”

यंदा भाऊबीजेला दादा सिंदेवाहीहून आमच्या ऊर्जानगरच्या क्वार्टरवर आला. ओवाळून झालं तसा त्यानं ताटात एक मोठा डबा ठेवला.

“चंद्रपुरातली चार दुकानं फिरलो, करिष्मा. एकेक पुडा वाचून पाह्यला. ह्या बिस्किटात गव्हाचा कण नाई, पुरा तांदूळ आहे.”

माझे डोळेच भरून आले. पाच वर्षांत माहेरच्या कुणी हे पहिल्यांदा लक्षात ठेवलं होतं.

“एवढा काऊन फिरला दादा? आपल्या शेतातल्या बांधीतला पायलीभर तांदूळ आणला असता, तरी मले पुरलं असतं.”

“आधी खाऊन तं पाह्य.”

मी एक बिस्कीट तोंडात टाकलं. खरंच छान होतं. दादानं पिशवीतून एक कागद काढला आणि ताटाशेजारी पेन ठेवला.


“बाबाच्या धानाच्या बांधीतला तुहा हिस्सा सोडल्याची सही तेवढी इथी करून दे.”