कोरडा रोडगा

तुपाचं भांडं घेऊन रंभाबाई जवळ येताच प्रेमानंदनं पत्रावळीवर आडवा हात धरला.

"बस, बस. मले नको."

समोर बसलेल्या त्याच्या बायकोनं, सिंधूनं, ते पाहिलं आणि तिचं डोकंच फिरलं. जानेवारीतला रविवार. खापरखेड्याच्या कॉलनीतली वीस-बावीस माणसं नदीकाठच्या मळ्यात रोडगे पार्टीला जमलेली. गोवऱ्यांच्या निखाऱ्यांतून काढलेले कणकेचे गरम रोडगे, वांग्याची झणझणीत भाजी, आणि हा बाबा कोरडा रोडगा चघळत बसलेला! मागच्या साली याच माणसानं सहा रोडगे हाणले होते आणि वरून वाटीभर तूप रिचवलं होतं.

दिवाळीपासून हे सुरू होतं. थंडीत माणसाची भूक वाढते, याची आटली. पहाटे उठून धुक्यात फिरायला जायचं. डिंकाचा लाडू नको, तिळाची चिक्की नको, तर्रीपोह्यांच्या ठेल्याकडे तर मान वळवूनही बघायचं नाही. पोट उतरलं, पँटी सैल झाल्या. आणि फोन वाजला रे वाजला, की स्वारी उठून गॅलरीत.

"या उमरीत माणूस वाळते तं एक तं शुगर, नाही तं बाई," शेजारच्या रंभाबाईनं सांगून टाकलं होतं. तिच्याच घरच्या मशीनवर सिंधूनं त्याची शुगर तपासून घेतली. चांगली निघाली. मग उरलं काय?

सिंधू भांडली नाही. ती बोलणाऱ्यातली नव्हतीच, करणाऱ्यातली होती. बारीक होऊन कोणाले दाखवतं रे बाबा? थांब, होऊनच दाखव! गेले तीन आठवडे ती त्याच्या पोळ्यांच्या कणकेत तुपाचं मोहन घालत होती. वरणात लोण्याचा गोळा विरघळवत होती, ताकात साय घुसळत होती. तो बिचारा मोजून दोन पोळ्यांवर उठायचा आणि हिला मनातून गुदगुल्या व्हायच्या.

जेवण उरकून प्रेमानंद हात धुवायला विहिरीकडे गेला आणि सतरंजीवर राहिलेला त्याचा फोन वाजला. 'दीक्षा मॅडम'. सिंधूनं इकडेतिकडे पाहिलं आणि उचलला.

"सर, रविवारी त्रास देते, सॉरी हं," पलीकडून तरुण, गोड आवाज आला. "आज वजन केलं का? किती भरलं?"

सिंधूच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याच्या वजनाशी तुले काय करायचं हाये वं?"

पलीकडचा आवाज एकदम जपून बोलू लागला, "तुम्ही घरच्या का? मॅडम, मी दवाखान्यातून बोलते. लिव्हरच्या विभागातून. सरांना लगेच फोन करायला सांगा."

सिंधू अनवाणीच विहिरीकडे धावली. "काय झालं तुमच्या लिव्हरले? मले काहून नाही सांगतलं?"

प्रेमानंदनं तिच्या हातातला फोन पाहिला आणि तो विहिरीच्या कट्ट्यावर बसला.

"माह्या लिव्हरले काही नाही झालं. दादाचं गेलं."

दादा म्हणजे धम्मानंद, त्याचा थोरला भाऊ. यांच्या पोरीच्या, पिंकीच्या, लग्नात जेवल्याबिगर उठून गेलेला. त्यानंतर पाच वर्षांत त्यानं या घराची पायरी चढली नव्हती, आणि सिंधूनं त्याचं नाव घरात घेऊ दिलं नव्हतं.

"माहं जुळते म्हणते डॉक्टर. अर्धं कापून त्याले लावतीन. पण माह्या लिव्हरवर चरबी हाये. दहा किलो उतरवा म्हणे, मंगच हात लावतो."

"अन् मी कोणी नाही?"

"तुही सही लागते, सिंधू. आधी सांगतलं असतं तं देली असती?"

दिली नसती, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"सात किलो उतरले बी," तो ओल्या हातांकडे बघत म्हणाला. "पण तीन हप्त्यांपासून काटा हलूनच नाही राहिला वं. पहाटे दोन घंटे चालतो, दोन पोळ्या खातो, आज कोरडा रोडगा खाल्ला. अजून काय सोडू? दादाजवळ आता महिना बी नाही." पाच वर्षं बोलत नसलेल्या भावासाठी हा माणूस रडत होता.

सिंधूला स्वतःच्या हातांची शिसारी आली. तीन हप्ते!

"सिंधू, गाजराचा हलवा गरम हाये वं, या लवकर!" तिकडून रंभाबाई ओरडली.

"गाडीची चाबी द्या," सिंधू नवऱ्याला म्हणाली. तिनं ती नेऊन रंभाबाईच्या हातात दिली. "गाडी तुमीच घेऊन या. आमी पायी जातो."

"पायी?" मागून आलेला प्रेमानंद थबकला. "अकरा किलोमीटर हाये वं!"

"लागतीनच तेवढे," त्याच्याकडे न बघता सिंधू म्हणाली. "मले तुमाले एक सांगायचं हाये."