परातीतली बांगडी

मंगळागौरीच्या खेळात फुगडी थांबली, तशी केतकीताईंनी परातीतली बांगडी उचलून मनगटात चढवली. ओढाताणीत फुटू नये म्हणून सगळ्याजणींनी आपापली काढून ठेवली होती. नाडीला टेकताच ती हिरवीची लालभडक झाली.

“अगंबाई!” त्या म्हणाल्या. त्यांना आई आठवली. तिच्या काळी रक्तवाहिन्यांचा ताठरपणा मोजून रंग बदलणारी अशी बांगडी नव्हती. पाळी गेली, शरीरातलं इस्ट्रोजेन आटलं आणि रक्तवाहिन्या आतून कशा ताठरत गेल्या, ते तिला कळलंच नाही. एक दिवस भाजी निवडता निवडताच ती गेली.

सुनेने, इराने, घाईघाईने डॉक्टरीणबाईंना फोनवर बांगडी दाखवली.

“अहो, ही तिशीतल्या बाईच्या मापाने लावलेली आहे,” त्या म्हणाल्या. “तिच्या मानाने सासूबाईंच्या रक्तवाहिन्या ताठरच दिसणार. त्यांची स्वतःची बांगडी कुठाय?”

इराने आपल्या मनगटाकडे पाहिलं आणि जीभ चावली. गडबडीत अदलाबदल झाली होती. तिने हातातली बांगडी काढून सासूबाईंना घातली. ती हिरवीगार राहिली.

केतकीताईंनी मोठा श्वास सोडला.

“चुकलंच माझं, आई.”

“तुझं कसलं! तू या घरात आल्यापासून तुझे सासरे मला तुझ्याच मापाने मोजतात. आज बांगडीनेही तेच केलं.” पदर खोचून त्यांनी दोन्ही हात पुढे केले. “चल, फुगडी घालू. आणि तुझ्या सासऱ्यांना बोलव. बघू देत, आधी कोण दमतंय ते.”