साहेबांचा निळा फोल्डर

लिफ्टदुरुस्तीच्या कंपनीत तक्रारी घेणाऱ्या ताईंनी आज सकाळी मेलना एकदाची शिस्त लावली. लिफ्टमध्ये माणूस अडकला असेल तर लाल फोल्डर, लिफ्ट नुसतीच कुरकुरत असेल तर पिवळा. साहेबांना उठसूट सुविचार पाठवायची खोड होती, म्हणून त्यांचे सगळे मेल आपोआप निळ्या फोल्डरमध्ये जातील अशी सोय केली. निळा म्हणजे सवडीनं.

दुपारपर्यंत लाल फोल्डर रिकामाच. ताई एकदम खुशीत.

"साहेब आज दिसले नाहीत कुठे?" मेकॅनिकनं डबा उघडता उघडता विचारलं.

"नाही ना! किती निवांत वाटतंय."

सवड होतीच, म्हणून ताईंनी निळा फोल्डर उघडला. पहिला मेल सकाळचा: 'आपल्याच लिफ्टमध्ये अडकलोय. फोन लागत नाही. माणूस पाठवा.' पुढचे सगळे तसेच, फक्त उद्गारचिन्हं वाढत गेलेली. शेवटचा मात्र शांत होता: 'बाहेर आलो की तुमच्याशी बोलतो.'

मागून वाचणारा मेकॅनिक डबा तसाच टाकून दाराकडे धावला. ताईंनी त्याला दंडाला धरून परत खुर्चीत बसवलं.

"बस रे दादा. आधी नीट पोटभर जेवून घे."